वाचकांचे प्रश्न : विजेवर गाडी चालते, कंपनी चालते का?

या सदरात एरवी निरनिराळ्या विषयांवरची पत्रे एकत्र घेतली जातात. या वेळी मात्र आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाभोवती फिरत होती. मागे पडलेल्या, तोट्यात गेलेल्या किंवा बंदच झालेल्या देशी मोटार कंपन्या विजेवरच्या गाड्या काढून पुन्हा उभ्या राहू शकतील का, हा तो विषय. मुंबईकराला त्याबद्दल आपुलकी वाटावी हे साहजिक आहे, कारण एके काळी कुर्ल्यात गाड्या बनत होत्या आणि आजही देशातल्या दोन मोठ्या मोटार कंपन्यांचा कारभार बॉम्बे हाऊस आणि वरळी येथून चालतो. पत्रांतील सात निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता फक्त ठिकाणे दिली आहेत.

प्रश्न : मी कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बॉडी शॉपला एकवीस वर्षे होतो. पद्मिनीचा दरवाजा लावल्याचा आवाज आजही मी डोळे मिटून ओळखेन. माझा नातू म्हणतो, “आजोबा, तुमची कंपनी आज असती तर तिने इलेक्ट्रिक पद्मिनी काढली असती आणि ती वाचली असती.” त्याचे म्हणणे खरे धरावे काय? अशी जुनी नावे विजेवर पुन्हा उभी राहू शकतात काय?
— एक निवृत्त कामगार, नेहरूनगर, कुर्ला

उत्तर : आपल्या नातवाचा हिरमोड करावासा वाटत नाही, परंतु त्याच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की प्रीमियर पेट्रोलच्या इंजिनामुळे बुडाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने फियाटच्या परवान्याखाली जी गाडी बनवली, तिलाच १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले, आणि मूळ आराखड्याला फारसा हात न लावता ती गाडी शतक संपेपर्यंत बनत राहिली. परवान्यांच्या त्या राजवटीत ग्राहक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे. जो ग्राहक थांबतोच आहे, त्याच्यासाठी नवे मॉडेल काढण्याची निकड कोणत्याही संचालक मंडळाला भासत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा ग्राहकाला पहिल्यांदा दुसरे दुकान दिसले, आणि तिथून पुढचा इतिहास आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. प्यूजो आणि फियाट यांच्याशी भागीदारी करून पाहिली गेली, पण तोवर कंपनीच्या हाती वेळ उरला नव्हता आणि पैसाही.

समजा, त्याच वेळी कोणी विजेच्या गाडीचा विचार केला असता, तरी गाडीत बसवायला त्या काळी शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्यांपलीकडे परवडणारे काही नव्हते. बंगळूरच्या रेवाने २००१ मध्ये तशाच बॅटऱ्यांवर दोन दारांची छोटी गाडी आणली. ती एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटर जात असे. दिवसभर भाडी मारणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. अखेर वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही, आणि तिची जागा बहुतेक ठिकाणी सीएनजीवरच्या गाड्यांनी आधीच घेतली होती.

आता जुन्या नावाविषयी. बाजारात नावाला किंमत किती असते, याचा एक हिशेब आपल्या देशातच झालेला आहे. हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात मे २०१४ मध्ये अँबॅसडरचे उत्पादन थांबवले, आणि २०१७ मध्ये ‘अँबॅसडर’ हे नाव फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकले. मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत साऱ्या देशाने ओळखलेल्या नावाचे हे मोल. दुसरीकडे, फोर्डने भारतातून काढता पाय घेतल्यावर साणंदचा तिचा अख्खा कारखाना, वर्षाला तीन लाख गाड्या काढण्याची क्षमता असलेला, टाटांच्या इलेक्ट्रिक कंपनीने सुमारे ७२६ कोटींना घेतला. तो व्यवहार जानेवारी २०२३ मध्ये पुरा झाला. म्हणजे नाव स्वस्त आहे आणि कारखानासुद्धा, मोटारधंद्याच्या मानाने, महाग नाही. महाग आहे ती नवी गाडी नव्याने घडवणे, तिच्या चाचण्या घेणे, विक्रेत्यांचे जाळे उभारणे आणि पहिली काही वर्षे तोटा सोसणे; याच कामासाठी टाटांच्या इलेक्ट्रिक विभागाला बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून साडेसात हजार कोटी रुपये घ्यावे लागले. बंद पडलेल्या कंपनीकडे नेमके हेच नसते.

एक गोष्ट मात्र नातवाला जरूर सांगावी. इंजिन गेले, गिअरबॉक्स गेला, सायलेन्सर गेला तरी पत्रा दाबायचा, जोडायचा आणि रंगवायचा तो तसाच राहिला आहे. आपण जिथे काम केलेत ते बॉडी शॉप विजेच्या गाडीलाही लागते, आणि दरवाजा लागल्याचा आवाज तर तिथे अधिकच स्पष्ट ऐकू येतो, कारण तो झाकायला इंजिनाची धडधड नसते.

प्रश्न : माझ्याकडे टाटा मोटर्सचे काही शेअर आहेत. २०१९ मध्ये ओळखीचे लोक ते विकून टाका म्हणत होते. पुढे इलेक्ट्रिक नेक्सॉन आली आणि तिने कंपनीला तारले, असे आमचे ब्रोकर सांगतात. हे कितपत खरे?
— एक वाचक, दादर (पश्चिम)

उत्तर : शेअर ठेवावेत की विकावेत हे या सदरात सांगितले जात नाही, मात्र ब्रोकरमहाशयांनी सांगितलेल्या कथेतला क्रम तपासून पाहता येतो. २०१८-१९ या वर्षी कंपनीचा एकत्रित तोटा २८ हजार कोटींच्या वर गेला होता, पण त्यातला मोठा वाटा इंग्लंडमधील जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे मूल्य कमी दाखवल्यामुळे आलेला होता. देशातील मोटारींचा धंदाही बरा नव्हता. २०१९-२० मध्ये वर्षभरात जेमतेम १ लाख ३० हजारांच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या. २०२३-२४ मध्ये हाच आकडा ५ लाख ७३ हजारांवर पोहोचला. या विलक्षण उडीचे श्रेय विजेला द्यायचे, तर त्या वर्षी विकलेल्या इलेक्ट्रिक गाड्या किती होत्या हे पाहावे लागेल. त्या सुमारे ७४ हजार होत्या. शंभर गाड्यांतल्या ८७ गाड्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीवरच्याच होत्या.

मग उडी कशाने मारली? २०१७ मध्ये आलेल्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळाले. असे तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. टाटांची गाडी म्हणजे खडखडणारी गाडी, हा इंडिकाच्या काळापासून चिकटलेला समज तेव्हा सैल होऊ लागला. पाठोपाठ अल्ट्रोझ आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच आली, आणि २०२४ मध्ये तर पंच ही देशात सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली, जो मान तोवर सुमारे चार दशके मारुतीने सोडला नव्हता. इलेक्ट्रिक नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये आली, म्हणजे पाच तारे मिळाल्यावर एका वर्षाने. ती नेक्सॉनच्याच सांगाड्यावर, त्याच कारखान्यात आणि त्याच शोरूममध्ये उभी राहिली. चालत्या गाडीला विजेचा डबा जोडला गेला. त्या डब्याने गाडी ओढली, असे म्हणणे हिशेबाला धरून होणार नाही.

तरीही विजेला काहीच श्रेय नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये टीपीजी या गुंतवणूक संस्थेने आणि अबुधाबीच्या एडीक्यूने इलेक्ट्रिक विभागात ७,५०० कोटी रुपये घालण्याचे ठरवले, तेव्हा त्या विभागाचे मूल्य ९ अब्ज डॉलरच्या घरात धरले गेले. त्या वेळची विक्री पाहता हे मूल्य भविष्याच्या आशेवर होते, आणि डिझेलच्या गाडीसाठी इतके पैसे कोणी दिले नसते. शिवाय सरासरी कार्बन उत्सर्जनाच्या ज्या मर्यादा सरकारने एप्रिल २०२२ पासून कडक केल्या, त्या पाळताना विकलेली प्रत्येक इलेक्ट्रिक गाडी कंपनीच्या सरासरीला मदत करते. अडचणीतल्या कंपनीला विजेने भांडवल आणि मुदत मिळवून दिली, ती अशी.

महिंद्रांचे उदाहरण ताडून पाहिले तर हे आणखी उघड होते. त्यांनी मे २०१० मध्ये रेवा कंपनी घेतली आणि मार्च २०१३ मध्ये ई-टू-ओ नावाची छोटी गाडी काढली, जी एका चार्जवर १०० किलोमीटरच्या आसपास जात असे. ती चालली नाही. मधल्या काळात कोरियाच्या सांगयोंग या मोटार कंपनीतली त्यांची गुंतवणूकही अंगलट आली. त्यांना वर काढले ते २०२० च्या थारने, २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० ने आणि २०२२ च्या स्कॉर्पिओ-एनने, म्हणजे तेलावर चालणाऱ्या दणकट गाड्यांनी. आणि त्या नफ्यावर उभे राहून नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी बीई आणि एक्सईव्ही या चाकणला बनणाऱ्या, मुळापासून विजेसाठीच घडवलेल्या गाड्या जाहीर केल्या. या वेळी मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी तीस हजारांवर नोंदणी झाली. वीज दोन्ही वेळी होती. पहिल्या वेळी ती घेऊन येणाऱ्या कंपनीचे मोटारींच्या बाजारातले पाऊल स्थिर नव्हते.

ब्रोकरमहाशयांना एक आकडा अवश्य दाखवावा. २०२४-२५ मध्ये टाटांच्या इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री वाढण्याऐवजी ६४ हजारांवर उतरली, आणि इलेक्ट्रिक मोटारींच्या बाजारातला त्यांचा ७० टक्क्यांच्या वर असलेला वाटा २०२५ मध्ये निम्म्याच्या खाली आला. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनेसह दहा लाखांच्या आत आली, आणि पहिला असण्याचा लाभ किती दिवस टिकतो ते दिसून आले.

प्रश्न : परदेशात आजारी मोटार कंपनी विजेने बरी झाल्याचे एखादे उदाहरण आहे काय?
— एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : बरे झाल्याचे उदाहरण आम्हाला आठवत नाही, ज्या उदाहरणाचा दाखला नेहमी दिला जातो ते जनरल मोटर्सचे. १ जून २००९ रोजी ती दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये तिची व्होल्ट ही गाडी बाजारात आली, त्यामुळे दोन घटनांची सांगड घालणे सोपे जाते. प्रत्यक्षात कंपनीला वाचवले ते अमेरिकी सरकारच्या सुमारे ५० अब्ज डॉलरच्या मदतीने, पाँटियाक, सॅटर्न आणि हमर ही नावे बंद करण्याने, कर्जातून मिळालेल्या सुटकेने आणि पुढे तेल पिणाऱ्या मोठ्या पिकअप ट्रकांच्या विक्रीने. व्होल्टचे उत्पादन २०१९ च्या सुरुवातीस थांबले. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाने २०२३ मध्ये ४.७ अब्ज आणि २०२४ मध्ये ५.१ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, आणि हा तोटा भरून निघतो तो पुन्हा ट्रक आणि व्यापारी वाहनांच्या नफ्यातून. घरातल्या मिळवत्या भावाच्या पगारावर दुसऱ्याचे शिक्षण चालावे, तसा हा प्रकार आहे. शिक्षण वाईट नसते, पण मिळवता भाऊ घरात असावा लागतो. अमेरिकेतील ग्राहकाला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली.

अधिक बोलके उदाहरण जपानच्या निस्सानचे आहे. मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी विजेची मोटार सर्वांआधी, डिसेंबर २०१० मध्ये, तिने आणली. तिचे नाव लीफ. टेस्लाची मॉडेल एस तेव्हा यायचीच होती. इतकी आघाडी हाती असलेल्या कंपनीने मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात सुमारे ६७० अब्ज येनचा तोटा नोंदवला, २० हजार नोकऱ्या कमी करण्याचे आणि १७ कारखान्यांचे १० करण्याचे जाहीर केले, होंडाशी विलीनीकरणाची बोलणीही त्याआधी फेब्रुवारीत मोडली. बंद होणाऱ्या कारखान्यांत योकोसुका येथील ओप्पामाचा कारखाना आहे. पहिली लीफ तिथेच तयार झाली होती.

प्रश्न : आमच्या सरांनी वर्गात सांगितले की विजेच्या गाडीत फिरणारे भाग फारच कमी असतात, त्यामुळे ती बनवणे सोपे असते. असे असेल तर लहान किंवा मागे पडलेल्या देशी कंपन्यांना ही संधीच नव्हे काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, वसई

उत्तर : सरांचे पहिले वाक्य बरोबर आहे. पिस्टन, क्रँक, झडपा, क्लच, अनेक दात्यांचा गिअरबॉक्स, इंधनाची टाकी, धुराडे हे सारे गळून पडते. पण जे उरते त्यात किंमत कुठे साठली आहे, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहावे.

पहिल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनमध्ये ३०.२ किलोवॉट-तास (म्हणजे विजेची तितकीच युनिट) क्षमतेची बॅटरी होती. ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत दर किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती. २०१० मध्ये ती हजार डॉलरच्या वर होती, हे खरेच, आणि ही घसरण झाली नसती तर आपण हा प्रश्नच विचारला नसता. तरी २०२४ च्या भावाने गुणाकार केला तर सुमारे ३,४७० डॉलर, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास, एकट्या बॅटरीचे होतात. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून याच्या जवळपासही जात नाहीत. शिवाय इंजिन हे मोटार कंपनी स्वतःच्या कारखान्यात ओतते, घासते आणि जोडते, त्यामुळे त्यावरचा नफा तिच्याच घरात राहतो. बॅटरीचे सेल मात्र बाहेरून येतात. महिंद्रांच्या नव्या गाड्यांत चीनच्या बीवायडीचे सेल आहेत. टाटांच्या गाड्यांत टाटा ऑटोकॉम्प आणि चीनची गोशन यांच्या भागीदारीतून आलेले पॅक बसले. टाटा समूहाची अग्रतास ही कंपनी साणंदला स्वतःचा सेल कारखाना उभारत आहे, तो याचसाठी. बीवायडीचे यश समजून घ्यायचे असेल तर ती १९९५ मध्ये बॅटऱ्या बनवणारी कंपनी म्हणून जन्मली आणि मोटारीच्या धंद्यात २००३ मध्ये उतरली, हा क्रम लक्षात ठेवावा.

दुसरी अडचण मोटरमधल्या चुंबकाची. निओडिमियमच्या चुंबकात उष्णता सोसण्यासाठी डिस्प्रोसियम, टर्बियम अशी दुर्मीळ मूलद्रव्ये घालतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा काही मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि काही आठवड्यांतच आपल्याकडच्या कंपन्या साठा मोजू लागल्या. मुठीत मावेल एवढ्या चुंबकासाठी वीस लाखांची गाडी अडून राहू शकते, हे त्या वेळी दिसले.

आणि जे बनवणे सोपे झाले, ते सगळ्यांनाच सोपे झाले. चीनमध्ये याच हिशेबाने शेकडो कंपन्या या धंद्यात उतरल्या, त्यांतल्या बहुतेकांची नावे आज तिथल्या लोकांनाही आठवणार नाहीत. कमी भागांमुळे कारखान्याचे दार रुंद झाले. धंद्यात टिकून राहण्यासाठी लागणारी पुंजी मात्र कमी झालेली नाही. आपण अभियांत्रिकी शिकत आहात, तर सेलच्या रसायनशास्त्राकडे आणि गाडीच्या सॉफ्टवेअरकडे लक्ष द्यावे. देशी कंपन्यांना माणसांची खरी वानवा तिथे आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आणि ३१ गाड्यांची जागा आहे. मी सचिव असून गेल्या वर्षी स्वतः एका देशी कंपनीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. एका सुट्या भागासाठी ती सर्व्हिस सेंटरमध्ये १९ दिवस पडून होती. इकडे सभेत चार्जरचा विषय निघाला की वादावादी होते. सामान्य माणसाला इतके सोसावे लागत असेल तर या कंपन्या सावरणार कशा?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आपण कंपनीचे नाव कळवले आहे, ते आम्ही छापत नाही, अशी तक्रार एकाच कंपनीपुरती नाही. आपला शेवटचा प्रश्न मात्र या सगळ्या चर्चेत सहसा कोणी विचारत नाही, म्हणून त्याला थोडी अधिक जागा देतो.

सावरू पाहणाऱ्या कंपनीची पहिली काही हजार गिऱ्हाइके ही तिची जाहिरात असतात. जुन्या गाडीचा क्लच गेला तर नाक्यावरचा मिस्त्री दोन तासांत रस्ता काढतो. विजेच्या गाडीत बॅटरीचे नियंत्रण करणारे उपकरण बिघडले तर नाक्यावरचा मिस्त्री हात लावू शकत नाही, आणि लावूही नये, कारण आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो. गाडी कंपनीच्याच दारात जाते आणि तो भाग गोदामात नसेल तर तिथेच बसते. विक्री वाढवण्याच्या घाईत सुट्या भागांचा साठा आणि शिकलेले तंत्रज्ञ मागे राहतात. ही उणीव तिमाही आकड्यांत दिसत नाही, पण आपल्या सोसायटीतल्या ८४ घरांना ते १९ दिवस माहीत आहेत.

चार्जरचे म्हणाल, तर आमच्या पार्ल्यातल्या इमारतीतही हेच चालले आहे. जिन्याखालच्या मीटर खोलीत लाकडी फळ्यांवर बसवलेले मीटर, त्यांच्यामागे जुन्या वायरींचा गुंता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी खिडकीतून खाली सोडलेली नारिंगी एक्स्टेन्शन वायर, जिच्या टोकाला त्यांची स्कूटर लावलेली असते. पाऊस आला की वॉचमन त्यावर प्लॅस्टिकची बादली उपडी घालतो. मोटारीला असे चालत नाही. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात, म्हणजे ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात. रात्रभर लावून ठेवली तर ते पुरते. पण दहा गाड्या एकाच वेळी लागल्या तर ३३ किलोवॉटचा भार होतो, आणि इमारतीचा मंजूर भार तेवढा मोकळा आहे का, हे आधी पाहावे लागते. त्यामुळे सभेपुढे ‘चार्जरला परवानगी द्यावी की नाही’ असा ठराव न ठेवता, महावितरणकडून भारवाढीचा अंदाज घेऊन, स्वतंत्र मीटरचा खर्च गाडीवाल्यांवर आणि मुख्य केबलचा खर्च संस्थेवर असा विभागून ठेवावा. आकडे समोर असले की आवाज खाली येतात, असा आमचा अनुभव आहे.

याचा कंपन्यांशी संबंध असा की मुंबईत आज विजेची मोटार घेतो तो प्रायः स्वतःची पार्किंगची जागा असलेला माणूस. चाळीत आणि जुन्या इमारतीत राहणारा, रस्त्यावर गाडी लावणारा ग्राहक कितीही इच्छुक असला तरी या हिशेबाबाहेर राहतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली आहे, आणि रोज नवी मुंबईला जाणाऱ्याला ती जाणवते. पण गाडी रात्री कुठे उभी राहते, हा प्रश्न टोलनाक्यावर सुटणारा नाही.

प्रश्न : टेस्ला आता बीकेसीत आली. देशी कंपन्यांचे आता काय?
— एक वाचक, वांद्रे

उत्तर : जुलै २०२५ मध्ये उघडलेल्या त्या दालनातल्या गाडीची किंमत तेव्हा ६० लाखांच्या आसपास सुरू होत होती, ती घेणारा ग्राहक नेक्सॉनच्या शोरूममध्ये येतच नव्हता. देशी विजेच्या गाडीची खरी स्पर्धक तिच्याच शेजारी, त्याच शोरूममध्ये उभी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि त्यावरचा अधिभारही गेला, तर विजेच्या गाडीवरचा कर पूर्वीसारखाच ५ टक्के राहिला. ग्राहकासाठी ही बातमी आनंदाची होती. विजेच्या भरवशावर सावरू पाहणाऱ्यासाठी मात्र करातले अंतर एका रात्रीत निम्म्याच्या जवळ आले.

प्रश्न : साकीनाक्याला माझा लहान कारखाना आहे, नऊ माणसे काम करतात. आम्ही गिअरबॉक्सचे दाते आणि शाफ्ट पुरवतो. कंपन्या विजेने सावरतील न सावरतील, आमचे काय होणार?
— एक लघुउद्योजक, साकीनाका

उत्तर : मोटार कंपनी सावरली म्हणजे तिच्या मागची साखळी सावरतेच असे नाही, हे आपल्या प्रश्नातून अचूक पुढे आले आहे. पाच-सहा वेगांच्या गिअरबॉक्सऐवजी विजेच्या गाडीत एकाच वेगाचा रिड्यूसर (मोटरच्या फेऱ्या कमी करणारा संच) असतो, म्हणजे दात्यांची संख्या घटते. ज्यांचे सारे काम पिस्टनच्या कड्या, झडपा किंवा सायलेन्सर यांवर आहे, त्यांच्यापुढे याहून कठीण काळ आहे, आणि त्यांना आम्ही खोटा दिलासा देणार नाही.

आपल्या बाबतीत जे उरते ते थोडे, पण अधिक कसबाचे आहे. विजेची मोटर मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत आणि त्याहूनही अधिक फिरते, पेट्रोलचे इंजिन मात्र साधारण सहा हजारांवर दम टाकते. शिवाय दात्यांचा आवाज झाकायला इंजिनाचा गोंगाट नसल्याने, पूर्वी चालून गेलेला दाता आता गाडीत शिट्टीसारखा ऐकू येतो आणि माल परत येतो. त्यामुळे हॉबिंगवर (दाते कापण्यावर) काम संपत नाही, ग्राइंडिंग (घासून गुळगुळीत) करावे लागते, आणि मोजमापाची खोलीही लागते. गुरुग्रामच्या सोना कॉमस्टारसारख्या कंपनीने डिफरन्शियलच्या (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) दात्यांवरच विजेच्या गाड्यांचा मोठा धंदा उभा केला आहे, तो याच कसबावर. अशा कंपन्यांना बाहेरून काम करून घेण्याची गरज पडते, पण त्या प्रथम तपासणीचे कागद मागतात.

म्हणून गिअर ग्राइंडिंगचे नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज काढण्याआधी, आज आपल्या यंत्रांवर दात्याच्या बाजूला किती मायक्रॉनचा टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) सातत्याने मिळतो, हे शंभर नगांवर मोजून घ्यावे. ते आकडे आणि सध्याच्या यंत्रांचे वय आम्हाला कळवल्यास पुढील अंकात या विषयावर अधिक नेमके लिहिता येईल.